ओट्याचं पाणी संडासच्या पाइपात सोडावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या रामबागेतलं जुनं दुमजली घर, वरच्या मजल्यावर मागच्या गॅलरीत नवं स्वयंपाकघर काढायचंय. सिंकच्या जागेपासून सात-एक फुटांवर बाहेरच्या भिंतीला वरच्या संडासचा चार इंची उभा पाइप आहे. एक प्लंबर म्हणाला, "हो जाएगा भिया, टी मार देंगे." (टी म्हणजे T आकाराचा जोड.) दुसरा म्हणाला, संडासच्या पाइपात किचनचं पाणी सोडत नसतात, अंगणापर्यंत वेगळी लाइन टाका. आणि तुमच्या आईंना तर ही कल्पनाच नकोशी वाटते. तेव्हा ऐकायचं कोणाचं?

सोडता येतं, तीन गोष्टी जमत असतील तर. तो पाइप नगर निगमच्या ड्रेनेज लाइनला जात असला पाहिजे, सेप्टिक टँकला जाणारा चालणार नाही. त्याचं वरचं तोंड गच्चीच्या वर उघडं असलं पाहिजे. आणि सिंकखाली पाणी धरून ठेवणारा ट्रॅप, हवाबंद जोडांसकट, बसला पाहिजे. यातलं एक जरी नसेल तर दुसऱ्या प्लंबरचं ऐका. पहिला प्लंबर फक्त जोडाबद्दल बोलतोय, आणि जोड हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. पाणी काय, उतार दिला की जातंच. गटाराची हवा स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही, कसब आहे ते तिथे.

दुसरा प्लंबर काही उगाच आडवा येत नाहीये. आपल्याकडच्या जुन्या घरांत दोन पाइपांची पद्धत होती. संडासचं पाणी सॉइल पाइपातून थेट चेंबरमध्ये. न्हाणी, मोरी, ओटा यांचं पाणी वेगळ्या, बहुतेक तीन इंची वेस्ट पाइपातून खाली अंगणातल्या गली ट्रॅपवर, आणि तिथून चेंबरमध्ये. गली ट्रॅप म्हणजे जमिनीत पुरलेली झिलईच्या मातीची वाकडी कुंडी, वर लोखंडी जाळी. तिच्या वाकणात पाणी कायम उभं राहतं आणि गटाराची हवा तिथेच अडते. म्हणजे वेस्ट पाइपात वरपर्यंत गटाराची हवा मुळी पोचतच नाही.

याचा एक परिणाम सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या सिंकखाली ट्रॅप न लावता कामं झाली आणि चालून गेली, कारण अडवायचं काम खालचा गली ट्रॅप करत होता. सिंकला जाळी, जाळीखाली घडीची लवचिक नळी, नळीचं टोक भिंतीतल्या पाइपात खुपसलेलं, झालं काम. हीच सवय हातात घेऊन माणूस सॉइल पाइपाला टी मारतो तेव्हा मधली कुंडी गायब होते, आणि स्वयंपाकघर आणि रस्त्यातलं गटार यांच्यात आडकाठी म्हणून काही उरत नाही. मग वास येतो, झुरळं येतात, आणि दोष दिला जातो तो 'संडासच्या पाइपाला'. पाइपाचा दोष नसतो. ट्रॅप नसतो.

बहुमजली इमारतींत एकाच उभ्या पाइपात सगळं सोडायची पद्धत आता रुळलेली आहे आणि राष्ट्रीय बांधकाम संहितेतही ती मान्य आहे. तिथे अट एवढीच, की प्रत्येक सिंक, बेसिन, न्हाणी यांना आपापला ट्रॅप हवा आणि त्यात पाण्याची पुरेशी उंची हवी. साधारण कामाला ५० मिमी, आणि वेगळा हवेचा पाइप नसलेल्या एकेरी पाइपाला ७५ मिमी. तुमच्या कामाला मी ७५चाच ट्रॅप धरीन.

हे सगळं करण्याआधी एक बघा. वरच्या मजल्याला संडासला लागून न्हाणी असणारच. तिचं पाणी कुठे जातं? त्याच भिंतीवर, सॉइल पाइपापासून हात-दोन हातांवर, एखादा तीन इंची पाइप उतरतो का, आणि तो खाली जाळीच्या कुंडीवर पडतो का? तसा पाइप असेल तर सिंक त्याला जोडा. वाद तिथेच संपतो, आईंचा जीवही शांत होतो, आणि खर्चात फरक पडला तर एक-दोन फिटिंगचा. मात्र तो पाइप खाली खरंच कुंडीवर पडतो ना, हे वाकून पाहा. पुष्कळ घरांत कधीतरी अंगणाला फरशी बसवताना गली ट्रॅप काढून पाइप सरळ चेंबरला भिडवलेला असतो. तसं असेल तर तो नावाला वेस्ट, कामाला सॉइल, आणि खालचे सगळे नियम त्यालाही लागू.

तीन इंची पाइप नसेल तर सॉइल पाइपाकडे वळू. तो जातो कुठे ते पक्कं करा. "लाइन में ही है" असं घरातल्या सगळ्यांनी सांगितलं तरी. रंगपंचमीचा उरलेला रंग घरात असेलच. तो बादलीभर पाण्यात कालवून वरच्या संडासात ओता, वर आणखी दोन बादल्या टाका, आणि मागच्या बॅकलेनमधलं चेंबर उघडून पाहा. तिथे रंग आला तर लाइन आहे. घराच्या कंपाउंडातच कुठे गडप झाला तर टँक आहे. इंदुरात गेल्या काही वर्षांत कान्ह आणि सरस्वती नद्यांत पडणारी घरांची तोंडं बंद करून ती ड्रेनेजला जोडण्याचं काम मोठ्या प्रमाणावर झालं, आणि २०२१मध्ये शहराला देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर जाहीर केलं गेलं. त्यामुळे तुमचा पाइप लाइनला असण्याचा संभव जास्त. पण जुन्या वाड्यांत दोन संडास असले की एक लाइनला आणि एक टँकला, असं सर्रास सापडतं. रंग टाकायला दहा मिनिटं लागतात.

टँक निघाला तर सिंक त्यात सोडू नका. सेप्टिक टँकचं सगळं गणित पाणी आत किती वेळ थांबतं यावर आहे. संडासच्या पाण्यासाठी बांधलेल्या टाकीत दिवसभराचं भांड्यांचं पाणी घातलं की आतलं अर्धवट कुजलेलं पाणीच पुढे ढकललं जातं, आणि तेलातुपाचा थर वर साचत जातो तो वेगळाच. शोषखड्ड्याचा पर्याय काही जण सुचवतील. आपली माळव्याची काळी माती त्याला धार्जिणी नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते आणि पाणी धरून बसते, पिता पीत नाही. जुलैमध्ये खड्डा तुडुंब आणि अंगणात चिखल. टँकवाल्या घरात सिंकची वेगळी लाइन, तिच्यावर चरबी अडवणारी छोटी कुंडी, आणि ती गली ट्रॅपमार्गे ड्रेनेजला, हाच रस्ता. अंगणात केळी किंवा अळू असेल तर गाळलेलं थोडं पाणी तिथे जरूर द्या. पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली होळकर दरबाराला इंदूरच्या नगररचनेचा जो अहवाल दिला त्यात सांडपाणी बागांकडे वळवण्याचा आग्रह होता. तेव्हाच्या इंदुरात घरामागे बागा होत्या, हा भाग निराळा.

याच काळ्या मातीमुळे आणखी एक. जमिनीखालची मातीची जुनी नळी आणि गली ट्रॅप दर उन्हाळ्या-पावसाळ्यात थोडे थोडे हलतात आणि सांधे उघडतात. कुंडीतलं पाणी टिकत नसेल, ओतलं की तासाभरात उतरत असेल, तर कुंडीच फुटली आहे. नवं काही जोडण्याआधी ती बदला.

आता पाइपाचं वरचं तोंड. गच्चीवर जाऊन बघा. सॉइल पाइप कठड्याच्या वर निघून त्यावर जाळीची टोपी, म्हणजे काउल, असला पाहिजे. इथे हमखास भानगड निघते. कोणी वास येतो म्हणून तोंडावर पत्र्याचा डबा उपडा घातलेला असतो, कोणी सिमेंटनं बुजवलेलं असतं, आणि वरचा मजला मागाहून चढवलेल्या घरांत तर पाइप संडासपाशीच संपून त्याला झाकण लावलेलं असतं. वरून हवा आत येत नसेल तर पाइप ती दुसरीकडून ओढतो, आणि ते 'दुसरीकडे' म्हणजे तुमचा सिंक.

फ्लश केला की पाच-सहा लिटर पाणी एकदम उभ्या पाइपातून पडतं आणि मागे हवेची ओढ तयार होते. रॉकेलच्या डब्यात नळी घालून एकदा ओढलं की मग रॉकेल आपोआप येत राहतं, तसं त्या ओढीनं सिंकच्या ट्रॅपमधलं पाणी निघून जातं. गुडगुड आवाज येतो तो त्याचाच. सिंक स्वतःही आपला ट्रॅप रिकामा करू शकतो: भरलेला सिंक एकदम सोडला, आणि पुढचा आडवा पाइप फार लांब, फार उतरता किंवा फार बारीक असला, की शेवटच्या पाण्याबरोबर ट्रॅपमधलंही ओढलं जातं. तिसरं कारण सगळ्यात साधं. मे महिन्यात घर बंद करून पंधरा-वीस दिवस गावी गेलात तर उथळ ट्रॅपमधलं पाणी आपल्याकडच्या कोरड्या हवेत सुकून जातं. त्यावर इलाज एवढाच, की निघताना सिंकमध्ये तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर गोडं तेल. तेलाचा तवंग पाणी उडू देत नाही.

बाजारात हवा फक्त आत घेणारी झडप मिळते. ती ट्रॅपजवळ लावली की ओढ कमी होते. उपयोगी आहे, पण तिच्यात हलणारा रबर आहे आणि रबर म्हातारा होतो. गच्चीवर दोन मीटर पाइप वाढवून काउल बसवणं शक्य असताना झडपेच्या भरवशावर राहू नये. गच्चीवर उन्हाळ्यात माणसं झोपत असतील तर पाइप डोक्याच्या चांगला वर न्या. खिडकीजवळ तो संपता कामा नये.

जोड कुठे द्यायचा? संडासची शाखा उभ्या पाइपाला मिळते त्याच्या वर. हे मी घासाघीस न करता सांगतो. सिंकचं तोंड जमिनीपासून दीड-दोन फुटांवर असतं आणि संडासची शाखा जमिनीच्या पातळीला किंवा तिच्या खाली, त्यामुळे ते सहज जमतं. फायदे दोन. संडासचं पाणी सिंकच्या शाखेच्या तोंडासमोरून जात नाही, म्हणून घाण तिच्यात उडत नाही. आणि कधी खाली लाइन तुंबलीच तर पाणी आधी संडासात आणि न्हाणीत वर येऊन दिसतं, तुमच्या भांड्यांत येत नाही. काही कारणानं जोड खालीच द्यावा लागला आणि तो संडासच्या शाखेच्या समोरच्या अंगाला येत असला, तर शाखेच्या मध्यापासून निदान २०० मिमी खाली सरकवा. तळमजल्याचा सिंक मात्र उभ्या पाइपाच्या बुडाशी कधीच जोडू नये. वरून पडणारं पाणी बुडाशी वळताना उलटा दाब देतं आणि ट्रॅपमधलं पाणी बाहेर फेकतं. तळमजल्याचं पाणी वेगळं, गली ट्रॅपवरच.

जोड वर देण्याचा तुमच्या घरात तिसराही फायदा आहे. रामबागेतलं जुनं घर म्हणजे पाइप बिडाचा असण्याची शक्यता खूप, सांध्यांत सुतळ आणि शिसं ठोकलेलं. चालू बिडाच्या पाइपात मध्येच टी घालणं कटकटीचं काम: पाइप जड, जुना, आणि एका ठिकाणी हातोडा बसला की चीर भलतीकडे जाते. पण वरच्या संडासच्या शाखेच्या वरचा भाग म्हणजे निव्वळ हवेचा पाइप. त्यातून काही वाहत नाही. तेव्हा शाखेच्या वरच्या सॉकेटपासून गच्चीपर्यंतचा सगळा बिडाचा तुकडा काढा आणि तिथून वर नवा पीव्हीसी पाइप चढवा, त्यातच सिंकसाठी वाय, म्हणजे Y आकाराचा तिरका जोड, आणि वर नवा काउल. मध्ये काही कापायची गरज नाही आणि काउलचा प्रश्नही त्याच कामात मिटतो. तुकडे उतरवताना आधी वरून दोर बांधा, मग क्लँप सोडा. बिडाचा सहा फुटी तुकडा शिडीवरच्या एका माणसाला पेलत नाही.

बिडाच्या सॉकेटमध्ये पीव्हीसी बसवताना नुसतं सिमेंट भरून चालत नाही. पीव्हीसी गुळगुळीत, सिमेंट त्याला धरत नाही, वर्षभरात रेघ पडते. पाइपाच्या टोकाला बाहेरून सॉल्व्हंट (पीव्हीसी चिकटवायचा द्रव) फासून त्यावर कोरडी वाळू भुरभुरा, सुकू द्या, मग सुतळ ठोकून वर सिमेंटचा मसाला, ही जुनी आणि टिकणारी रीत. स्टीलच्या पट्ट्यांचं रबरी कपलिंग मिळालं तर त्याहून बरं. फक्त जुन्या बिडाचा बाहेरचा व्यास मोजून मगच दुकानात जा.

पाइप करडा, सिमेंटसारखा आणि ठोकल्यावर बद्द वाजणारा असेल तर लोहचुंबक लावून पाहा. चिकटला नाही तर तो अ‍ॅस्बेस्टॉसचा असू शकतो. त्याला कोरडा ग्राइंडर लावू देऊ नका, धूळ छातीत जाऊन बसते. ओला करून, सांध्यातून अख्खा सोडवून काढायचा.

पाइप आधीच पीव्हीसीचा असेल तर काम अर्ध्या दिवसाचं. वर आणि खाली क्लँप पक्के करा, मधला तुकडा करवतीनं काटकोनात कापा, ११० बाय ७५ मिमीचा वाय बसवा आणि वरचं अंग सरकत्या कपलरनं जोडा. वाय आणि टी दोन्ही मिळाले तर वाय घ्या. पाणी तिरकं आत शिरतं, उभ्या पाइपात आडवं धडकत नाही. झाकणवाला मिळाला तर उद्या साफ करायलाही सोय. पाइप घेताना त्यावरचा शिक्का वाचा: आयएस १३५९२, टाइप बी. टाइप ए हा पावसाच्या पाण्याचा आणि हवेचा पातळ पाइप. ११०च्या मापात त्याची भिंत सव्वादोन मिमीच्या आसपास, तर बीची सव्वातीन. दुकानदार "सेम ही है" म्हणेल. सेम नाही.

तुकडा कापला आहे तेवढा वेळ वरच्या संडासला कुलूप घाला आणि किल्ली खिशात ठेवा. एवढंच सांगतो, जास्त वर्णन नको.

रबर रिंगच्या सॉकेटमध्ये पाइप तळापर्यंत ठोकू नका. टेकवून खूण करा आणि दहाएक मिमी मागे घ्या. पीव्हीसी प्रत्येक अंशाला मीटरमागे साधारण ०.०६ मिमी वाढतो. तीन मीटरचा पाइप जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत पन्नास अंशांचा फरक सोसतो तेव्हा तो नऊ मिमी लांब होतो. जागा ठेवली नाही तर क्लँप उपटतो किंवा कमान टाकतो. पश्चिमेच्या भिंतीवर असेल तर रंगाचा हात द्या, उन्हानं तो ठिसूळ होतो.

आणि आता तो 'शॉर्टकट'. उभ्या पाइपाला छिद्र पाडायचं, त्यात सिंकचा पाइप खुपसायचा, भोवती एपॉक्सी पुट्टी थापायची. शहरात अशी कामं मी इतकी पाहिली आहेत की आता आश्चर्य वाटत नाही. पहिले काही महिने गळतही नाही. पण खुपसलेलं टोक उभ्या पाइपाच्या पोटात दोन-तीन इंच शिरलेलं असतं. वरून केस, चिंधी, काय काय येतं ते त्या टोकाला अडकतं, आणि एका दिवाळीत, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, तुंबतं. पाइप गरम-थंड होऊन पुट्टी सुटते ते निराळं. तुमचा पहिला प्लंबर टी म्हणतो म्हणजे खरी टी ना, हे त्याला विचारून घ्या. 'टी मारणं' या नावाखाली हेही चालतं.

सिंकपासून उभ्या पाइपापर्यंतचा आडवा पाइप ५० मिमीचा टाका. ४०चा पुरतो, पण तो तीन मीटरच्या आत असेल तरच, आणि आपल्या स्वयंपाकात फोडणीचं तेल किती जातं ते बघता ५० बरा. ३२ तर बेसिनचा, त्याचं इथे काम नाही. उतार फुटाला पाव इंच किंवा किंचित जास्त, म्हणजे तुमच्या सात फुटांत दोन इंचांच्या आसपास. "जितना ढाल उतना अच्छा" हे इथे खरं नाही. फार उतार दिला की पाणी पळतं, खरकटं मागे राहतं आणि ट्रॅप ओढला जातो. कोपरा आला तर काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन वापरा. जिथे वळण आहे तिथे स्क्रूचं झाकण ठेवा. बाहेरच्या भिंतीवरून नेताना दर दोन-अडीच फुटांवर क्लँप, नाहीतर मध्ये झोळ पडतो आणि झोळात चरबी.

सिंकखाली काय बसवायचं हे मी प्लंबरवर सोपवणार नाही. ७५ मिमी पाणी धरणारा, हातानं उघडता येणारा पी ट्रॅप घ्या. बाटलीच्या आकाराचा ट्रॅप दिसायला सुटसुटीत, पण त्याच्या आत तांदळाचे दाणे आणि चहाचा चोथा बसतो. बेसिनला ठीक, ओट्याला नको. घडीची लवचिक नळी तर घरातच आणू नका. तिला वाकवून 'ट्रॅप बन गया' म्हणतात. महिन्याभरात ती सरळ होते, घड्यांत चरबी बसते, आणि तिचं भिंतीतलं टोक कधीच हवाबंद नसतं. शेवटचा हा मुद्दा महत्त्वाचा: ट्रॅप उत्तम असला आणि त्याच्या पुढचा जोड सैल असला तर गटाराची हवा ट्रॅपला वळसा घालून त्या फटीतून येते. ट्रॅपच्या नटात रबर वॉशर, पुढचा पाइप कडक, भिंतीत शिरताना रबरी रिंग किंवा सॉल्व्हंटचा जोड. आरओचं वाया जाणारं पाणी किंवा पुढे भांडी धुण्याचं मशीन आलं तर त्यांची नळी ट्रॅपच्या आधी, सिंककडच्या बाजूला. ट्रॅपच्या पुढे भोक पाडून नळी घातली की केलेलं सगळं वाया.

चरबीबद्दल वेगळं सांगायला नको, पण डिसेंबर-जानेवारीत इंदुरात रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली उतरतं तेव्हा डालडा आणि तूप बाहेरच्या पाइपात गोठतं. कढई आधी कागदानं पुसायची, मग धुवायची. तुंबल्यावर उकळतं पाणी ओतण्याचा मोह टाळा. पीव्हीसी साठेक अंशांपुढे मऊ पडायला लागतो, आणि वितळलेली चरबी पुढे जाऊन पुन्हा गोठते. गरम, हाताला सोसेल एवढं पाणी आणि भांड्यांचा साबण पुरे. भाताची पेज ओतताना नळ सोडून ठेवा.

आईंच्या मनातली अढी थट्टेवारी नेऊ नका. स्वयंपाकाची जागा आणि संडास यांचा संबंध नको, हे त्यांचं म्हणणं. एका पाइपाच्या पद्धतीत त्या दोघांमध्ये उरतं ते तीन इंच पाणी, आणि वर मी जे काही लिहिलं ते सगळं ते तीन इंच पाणी टिकवण्यासाठीच आहे. त्यांना चेंबरपासून सिंकपर्यंत एकदा फिरवून दाखवा. तरीही मन मानत नसेल आणि अंगणापर्यंत तीन इंची वेगळा पाइप टाकायला भिंत मोकळी असेल, तर टाका की. बाहेरच्या भिंतीवर बारा-चौदा फुटांचा जादा पाइप आणि खाली एक गली ट्रॅप, यापलीकडे खर्च नाही, आणि प्लंबिंगच्या दृष्टीनंही तो पर्याय उजवाच आहे.

काम झालं की टाइल्स लावण्याआधी तपासून घ्या. प्लंबर जाण्याआधी, पैसे देण्याआधी. सिंक काठोकाठ भरा, बूच काढा आणि त्याच क्षणी कोणालातरी वरचा फ्लश ओढायला सांगा. गुडगुड ऐकू आली तर हवा कमी पडते आहे. मग ट्रॅपचं खालचं झाकण बादलीवर उघडून आत किती पाणी शिल्लक होतं ते मोजा. असं तीनदा करा. निम्म्याहून कमी उरत असेल तर उतार किंवा काउल पुन्हा बघायचा. प्रत्येक जोडाभोवती कोरडा वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून रात्रभर ठेवा, सकाळी ओला डाग दिसतोच. आणि उदबत्ती लावून भिंतीत पाइप शिरतो तिथे धरा. धूर सरळ वर गेला तर ठीक, बाजूला ढकलला गेला तर तिथून हवा येते आहे. सिंकखालची जागा भिंतीनं बंद करू नका, दार ठेवा. बाहेरचा वायही चुन्या-सिमेंटात झाकू नका, त्याचं झाकण उघडता आलं पाहिजे.